पिल्लू घरी आणलंय? मग आधी घरातल्यांचे शब्द एक करा

आमच्या कुत्र्याच्या पिल्लाला, गुंडूला, पहिले पंधरा दिवस 'बस' म्हणजे काय ते कळलंच नाही आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. मी म्हणायचो 'सिट', आई म्हणायची 'ए बाळा, गप खाली बस की', आज्जीचं माहेर कर्नाटकातल्या इंडीकडचं त्यामुळं ती कानडीत 'कुंद्रु', वरच्या मजल्यावरच्या काकू तेलुगू, त्या 'कूर्चो', आणि धाकटा भाऊ तर काय, 'बस बे!'. पाच माणसं, पाच शब्द, आणि ते बिचारं प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत शेपटी हलवतंय. सोलापुरात हे कुणाच्याही घरात होणार, आपल्याकडं एकेका गल्लीत चार भाषा नांदतात आणि माणसांना त्याचं काही वाटतही नाही. पण कुत्र्याला भाषा कळत नाही, त्याला आवाज कळतो, आणि 'कूर्चो' आणि 'बस' हे त्याच्या कानाला कुकरची शिट्टी आणि रिक्षाचा हॉर्न इतके वेगळे.

म्हणून पिल्लू आणायच्या आदल्या दिवशी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा, लहान पोरांसकट, आणि शब्द ठरवून टाका. चार पुरे झाले. यात एक गंमत आहे जी मला उशिरा कळली, आपले रोजचे मराठी शब्द या कामाला जरा अडचणीचे आहेत. 'बस' आपण दिवसातून पन्नास वेळा म्हणतो, बस झालं, बस कर आता, बस चुकली, जेवताना वाढणाऱ्याला 'बस बस'. आणि 'ये' तर 'ए'सारखंच ऐकू येतं, ए दादा, ए ऐक ना, ए बे, मग कुत्र्यानं नक्की कुठल्या हाकेला यायचं? जो शब्द दिवसभर घरात फिरतोय आणि त्याच्यामागं काहीच घडत नाही, त्याकडं कुत्रं कान देणं सोडून देतं. आम्ही शेवटी सिट, इकडं, थांब आणि सोड असे चार घेतले आणि फ्रीजवर कागद चिकटवला. तुम्ही तेलुगूत घ्या, कन्नडमधे घ्या, उर्दूत घ्या, काही फरक पडत नाही, फक्त सगळ्यांनी तोच म्हणायचा.

त्याच बैठकीत घराचे नियमही ठरवा, सोफ्यावर चढायचं का नाही, ताटातलं द्यायचं का नाही. आमच्याकडं सगळ्यांनी 'नाही द्यायचं' म्हणून माना डोलावल्या आणि बाबा आठवड्यातून एकदा टेबलाखालून गुपचूप चपातीचा तुकडा द्यायचे. एकदाच तर दिला, असं त्यांचं म्हणणं. पण मटक्याचा आकडा कधीतरीच लागतो म्हणून तर माणूस रोज लावतो ना, तसंच आहे हे, कधीतरी मिळणाऱ्या तुकड्यासाठी कुत्रं रोज ताटाशी येऊन भुंकतं. रोज मिळत असेल आणि मग बंद केलं तर एक वेळ लवकर विसरेल, पण हे कधीतरीचं फार चिवट असतं.

नावाचं पण सांगून ठेवतो. भावानं हौसेनं आधी 'शेंगा' नाव ठेवलं होतं. आता सोलापूरच्या घरात दिवसातून किती वेळा शेंगाचटणी, शेंगापोळी, शेंगा भाजल्या का हे होतं ते तुम्हीच मोजा, दर वेळी ते पळत स्वयंपाकघरात आणि आई त्याला हाकलतेय. चार दिवसांत नावाला बघायचंच बंद झालं. नाव दोन अक्षरांचं, खणखणीत, घरात दुसऱ्या कशासाठी न वापरलेलं आणि तुमच्या चार शब्दांशी न जुळणारं असावं. नाव शिकवायचं सोपं आहे, एकदाच हाक मारायची, बघितलं की लगेच खाऊ. चिडून नाव घ्यायचं नाही, ओरडायचंच असलं तर नाव न घेता ओरडा. खरं तर ओरडूच नका, पण ते पुढं येईल.

आणायच्या आधी

पिल्लू आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नका. 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणं ब्रीडरला आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, आणि नियमाचं सोडा, आई आणि भावंडांकडून 'किती जोरात चावलं की समोरच्याला दुखतं' हे ते याच दिवसांत शिकतं. गावठी पिल्लू असेल तर उत्तमच, आमचं गावठीच आहे, इथल्या उन्हाला ती जास्त टिकतात. हस्की, सेंट बर्नार्ड वगैरे सोलापुरात आणून एसीत कोंडणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतं, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं साधारण सोळा आठवड्यांपर्यंत डोस, रेबीजची लस तीन महिन्यांच्या आसपास आणि मग वर्षाला. तारखा तुमच्या डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या. हे डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर खाली सोडायचं नाही, पार्व्हो या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचे विषाणू मातीत महिनोन् महिने राहतात आणि आपल्या गल्लीत दहा कुत्री फिरून गेलेली असतात. पण म्हणून चार महिने घरात कोंडायचं पण नाही, कारण पहिले तीन-साडेतीन महिने हाच जगाची ओळख व्हायचा काळ असतो, त्यात जे बघितलं ऐकलं नाही त्याची पुढं भीती बसते. मग करायचं काय, तर कडेवर घ्यायचं. मी त्याला पिशवीत घालून गेटवर उभा राहायचो, रिक्षा, दूधवाला, शाळेची पोरं, टोपीवाली माणसं, बुरख्यातल्या बायका, हेल्मेटवाले, सगळं दाखवायचो आणि प्रत्येक नव्या गोष्टीला एक तुकडा खाऊ. सोलापूरच्या पूर्व भागात राहत असाल तर मागाची खटखट आपोआपच कानावर पडते, आमच्या एका मित्राचं कुत्रं तिथंच वाढलंय आणि ते आता डीजेसमोर पण झोपतं.

खाऊ

शिकवायला खाऊ लागतो आणि तो ज्वारीच्या दाण्याएवढाच तोडायचा, मोठा दिला तर दहा मिनिटांत पोट भरतं आणि शिकवणी संपली. घरी रोजच्या सरावाला आम्ही बिनमिठाच्या कडक भाकरीचे बारीक तुकडे वापरले, स्वस्त आणि टिकाऊ, आणि अवघड काहीतरी शिकवायचं असेल तेव्हा उकडलेल्या चिकनचे धागे. उकडलेलं अंडं, गाजर, थोडं पनीर पण चालतं. लोक दूध-चपातीवर पिल्लू वाढवतात त्यानं बऱ्याचदा जुलाब होतात, ते टाळा. आणि शेंगाचटणी लावलेली भाकरी अजिबात नाही, त्यात लसूण, मीठ, तिखट सगळंच आहे आणि लसूण-कांदा कुत्र्याला विषारी. तसंच चॉकलेट, द्राक्षं, मनुका. आपल्या जिल्ह्यात द्राक्षाच्या सीझनला घरात पेटी येऊन पडते, ती उंचावर ठेवा, मोजकी द्राक्षं पण काही कुत्र्यांची किडनी बिघडवतात. शुगरफ्री च्युइंगममधे साखरेऐवजी घालतात ते झायलिटॉल त्याहून वाईट.

खाऊचा एक वेगळा स्टीलचा डबा करा. पाच-सहा दिवसांत त्या झाकणाच्या आवाजालाच लाळ गळायला लागते. पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञानं कुत्र्यांवर हेच तर बघितलं होतं, त्याला 1904 चं नोबेल मिळालं ते मात्र पचनाच्या अभ्यासासाठी, लाळ मोजता मोजता बाकीचं सापडलं. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की पिल्लानं बरोबर केलं आणि ते बरोबर आहे हे त्याला कळलं यांच्यात एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ जाऊ द्यायचा नाही. म्हणून एक छोटा शब्द ठेवा, आम्ही 'येस' ठेवलाय, बरोबर केलं त्या क्षणी 'येस' आणि मग खाऊ. डबा उघडेपर्यंत पाच सेकंद गेली तरी 'येस' वेळेवर पडलेलं असतं.

शी-सू

खरं तर नव्या लोकांचा सगळा जीव इथंच जातो, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. पिल्लू वयाच्या दर महिन्याला एक तास सू रोखू शकतं असा ढोबळ हिशोब, म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू दोन तास, फार तर तीन. घड्याळापेक्षा प्रसंग लक्षात ठेवा, झोपेतून उठलं की, खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, खेळून झालं की आणि रात्री झोपायच्या आधी. जमीन हुंगत गोल फिरायला लागलं की उचलायचंच, विचार करायचा नाही. रात्री पण एक-दोनदा उठावं लागतं, महिनाभर, त्याला इलाज नाही, आम्ही पाळ्या लावल्या होत्या आणि भाऊ त्याच्या पाळीला झोपायचा, सकाळी आई पुसायची.

जागा एकच ठरवा. अंगण असेल तर एक कोपरा, नाहीतर गच्चीवर मातीचा ट्रे. उचलून तिथं न्यायचं, 'सू कर' म्हणायचं आणि गप उभं राहायचं, खेळायचं नाही, फोन बघायचा नाही. पाच मिनिटांत झालं तर तिथंच खाऊ, घरात आल्यावर नाही, घरात दिला तर त्याला वाटतं घरात आल्याबद्दल मिळाला. नाही झालं तर परत आत, डोळ्यासमोर ठेवायचं, दहा मिनिटांनी पुन्हा.

आत केलीच तर? करताना दिसलं तर टाळी वाजवून उचला आणि बाहेर न्या. नंतर दिसलं तर गप पुसा. नाक घासणं, पेपरची गुंडाळी करून मारणं हे आपल्याकडं सर्रास सांगतात आणि त्यातून पिल्लू एकच गोष्ट शिकतं, की माणसांसमोर करायची नाही. मग ते दिवाणाखाली जाऊन करतं आणि तुम्हाला तीन दिवसांनी वासानं कळतं.

पुसण्यात पण एक भानगड आहे. जुन्या घरात शहाबादी फरशी असते आणि तिच्या सांध्यांत सू मुरते, आपल्याला वास येत नाही पण पिल्लाला येतो आणि ते परत तिथंच येतं. बादल्या ओतून धुवावं तर नळाला पाणी रोज कुठं येतं. फिनाईल टाळा, पिल्लं चाटतात. नेटवर सगळे व्हिनेगर सांगतात, ते साध्या टाईल्सवर ठीक आहे पण शहाबादी म्हणजे चुनखडी, तिच्यावर व्हिनेगरचे पांढरे डाग पडतात, मी पाडलेत, आई अजून ऐकवते. आधी कपड्यानं सगळं टिपून घ्या, मग साबणाच्या पाण्यानं पुसा आणि सांध्यांवर एन्झाइमवाला क्लीनर मारा, पेट शॉपमधे मिळतो. टिपलेला कागद फेकू नका, बाहेरच्या ठरलेल्या जागेवर नेऊन ठेवा, वासानं त्याला पत्ता कळतो.

सिट

हे सगळ्यात सोपं, एका दिवसात येतं. घसरणारी फरशी असेल तर खाली जुनी सोलापुरी चादर अंथरा, पाय घसरत असले की पिल्लू बसायला बघत नाही (तीच चादर चार घड्या घालून त्याचं अंथरूण पण होते). खाऊचा तुकडा नाकासमोर धरा, हळूहळू डोक्यावरून मागं न्या. डोकं वर जातं आणि बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं त्या क्षणी 'येस' आणि खाऊ. हात जास्त वर नेला तर ते उडी मारेल, जास्त मागं नेला तर उलटं चालत जाईल, दोन-चारदा चुकून हात बसतो. पाठीवर दाबून बसवू नका. आणि या वेळी शब्द बोलायचाच नाही! दहा-पंधरा वेळा हातानं जमलं की मग आधी 'सिट' म्हणायचं, एक सेकंद थांबायचं, मग हात. चार-पाच मिनिटं झाली की बंद, दिवसातून तीन-चार वेळा.

इथं आज्जीची गोष्ट सांगायलाच पाहिजे. फ्रीजवरचा कागद तिनं मानलाच नाही, ती आपली 'कुंद्रु'च म्हणत राहिली. आणि गुंडू सगळ्यात आधी तिचंच ऐकायला लागला. का, तर ती रोज तोच शब्द, त्याच सुरात, एकदाच म्हणायची, बोटानं खाली दाखवायची आणि तो बसेपर्यंत हातातला तुकडा सोडायची नाही. आम्ही 'सिट सिट सिट अरे सिट ना' करायचो. एका कामाचे दोन शब्द कुत्र्याला येऊ शकतात, पण आज्जीइतका धीर असेल तरच तसं करा.

इकडं

माझ्या मते हाच शब्द जीव वाचवतो, विजापूर रोडला गेट उघडं राहिलं तर 'सिट' काही कामाचं नाही. दोघांनी खोलीच्या दोन टोकांना बसायचं, एकानं नाव घेऊन 'इकडं' म्हणायचं, आलं की भरपूर कौतुक आणि चिकन, मग दुसऱ्यानं. खेळ म्हणून घ्या. मग दुसऱ्या खोलीतून, मग गच्चीवर, मग मोकळ्या जागी लांब दोरी बांधून. नियम एकच पण कडक, 'इकडं' म्हणून बोलावून कधीही अंघोळ घालायची नाही, औषध द्यायचं नाही, रागवायचं नाही. त्या कामांना तुम्ही उठून जा आणि घेऊन या. आणि चप्पल पळवून पळतंय म्हणून मागं धावू नका, ते त्याला शिवाशिवी वाटते, उलट्या दिशेनं तुम्ही पळा, येतंच मागं.

सांगोला, पंढरपूरकडचं कारवानी किंवा पश्मी पिल्लू आणलं असेल तर एक वेगळी सूचना, ती नजरेवर शिकार करणारी जात आहे, ससा किंवा मांजर दिसलं की कान बंद होतात. 'इकडं' कितीही पक्कं असलं तरी मोकळ्या रानात दोरी सोडू नका.

थांब आणि सोड

थांब म्हणजे सिटच, फक्त लांबवलेलं. बसवा, तळहात दाखवा, 'थांब', एक सेकंद, येस. मग तीन सेकंद, मग पाच. वेळ वाढली की मग एक पाऊल मागं जा, पण वेळ आणि अंतर एकदम वाढवू नका, आणि तिसरं म्हणजे समोरून मांजर जातंय असं काही तर शेवटी. उठलं तर रागवायचं नाही, तुम्ही घाई केली, एक पायरी मागं या.

सोडसाठी मुठीत तुकडा धरा, ते चाटेल, पंजा मारेल, गप बसा. तोंड बाजूला घेतलं की येस, आणि दुसऱ्या हातातला खाऊ द्या. मुठीतला नाही. रस्त्यावर पडलेली हाडं, गणपतीनंतरचं काय काय, याच शब्दावर सुटतं. तोंडात काही धरलंच असेल तर ओढू नका, अदलाबदल करा.

चावणं

बारीक सुईसारखे दात असतात, दुधाचे, ते चार ते सहा महिन्यांत पडतात, तोवर सगळं चावणार. चावलं की खेळ बंद, हात मागं, तोंड फिरवून वीस सेकंद गप, मग चावायला दुसरं काहीतरी द्या. जुन्या टॉवेलची गाठ मारून ओली करून फ्रीजमधे ठेवा, हिरड्यांना बरं वाटतं, दशा निघायला लागल्या की टाकून द्या. पोरांना सांगून ठेवा किंचाळत पळायचं नाही. आणि दातानं रक्त आलं तर 'आपलंच पिल्लू आहे' म्हणून सोडू नका, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पट्टा आधी घरात घाला, जेवताना, म्हणजे विसरतं. मग दोरी. ओढलं की तुम्ही झाडासारखं उभं राहायचं, दोरी सैल झाली की चालायचं. पहिल्या आठवड्यात गेटपासून खांबापर्यंत जायला पंधरा मिनिटं लागतात, लोक बघतात, बघू देत. आम्ही मधे वैतागून एक ट्रेनर लावला होता, त्यानं गळा आवळणारी साखळी आणली आणि आठवड्यात पिल्लू एकदम शहाण्यासारखं चालायला लागलं, पण घरात मी पट्टा हातात घेतला की ते पलंगाखाली जायचं. ट्रेनर बंद केला, ती भीती जायला दोन महिने लागले.

ऊन आणि आवाज

उन्हाळ्यात इथं कडक ऊन असतं, एप्रिल-मेत तर पारा चाळिशीच्या वर जातो. सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर, कारण डांबर सूर्य मावळला तरी तापलेलंच असतं. हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवा, नाही टेकवता आली तर पिल्लाला नेऊ नका. खूप धापा, घट्ट लाळ, लालबुंद हिरड्या, झोकांड्या असं दिसलं की सावलीत आणा, पोटावर पायांवर साधं पाणी, पंखा, आणि थेट डॉक्टर. बर्फ नको.

आवाजाची तयारी दिवाळीच्या आधी महिनाभर सुरू करा. फोनवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक, आणि सोबत चिकन. रोज थोडा वाढवायचा, घाबरलं की कमी. आपल्याकडं दिवाळी संपली म्हणून सुटका नसते, संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा असते, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम लांबपर्यंत ऐकू येतं. त्या संध्याकाळी त्याला लवकर फिरवून आणा, खिडक्या बंद, टीव्ही चालू, आणि कोपऱ्यात जाऊन लपलं तर लपू द्या, ओढून बाहेर काढू नका. तुमच्याजवळ आलं तर जवळ घ्या, जवळ घेतल्यानं भीती वाढते हे खोटं आहे. यात्रेतल्या नंदीध्वजांची मिरवणूक बघायला मात्र त्याला घरी ठेवूनच जा, काही जण पिल्लू खांद्यावर घेऊन त्या गर्दीत येतात, मला बघवत नाही.

एवढं सगळं जमलं की साधारण सहा-सात महिन्यांचं झाल्यावर एक दिवस ते 'सिट' म्हटल्यावर तुमच्याकडं असं बघेल जणू हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकतंय. बिघडलेलं नाही, वयात आलंय, काही महिने चालतं हे. त्या दिवसांत मोकळं सोडू नका, दोरी परत लांब बांधा, डबा परत खाली काढा आणि खोलीच्या दोन टोकांना बसून पुन्हा पहिल्यापासून.